चार बोटं सरकलेला कॅमेरा

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानांची एक ओळ आहे. तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून रुपराव वीस वर्षं भांड्यांवर नावं घालत आला होता. गिऱ्हाईक आत पाण्याचा गुंड किंवा परात घेई, बाहेर येऊन त्याच्या पुढ्यात ठेवी आणि चिठ्ठीवर नाव लिहून देई. मग लहानशी हातोडी आणि बारीक छिणी घेऊन त्याची टकटक सुरू होई. बारशाचं भांडं असलं की 'चि.', देवळाला दिलेली समई असली की 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. गिचमिड अक्षर लावणं, नाव नेमकं मधोमध बसवणं, काना-मात्रेचा हिशेब चुकू न देणं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस सरळ होता. आयुष्यात त्यानं एकच मोठं खोटं सांगितलं होतं, तेही बायकोला, आणि ते खोटं सहा वर्षं त्याच्या घरात भिंतीवर टांगलेलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीला बायकोचा, मनकर्णाचा, धाकटा भाऊ नानाजी कुवेतहून आला. बहिणीसाठी त्यानं साडी आणली आणि मेव्हण्यासाठी एक डबा. काळ्या प्लास्टिकचा, डोळ्यांना लावायला दोन भिंगं, डोक्यावर चढवायला मागे रबरी पट्टा. समोरच्या खाचेत एक जाड कार्ड सरकवायचं. कार्डावर एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले.

"बांधा भाऊजी डोक्याले," नानाजी म्हणाला. "आपण त्या जागी जाऊन उभे हाओत असंच वाटते."

रुपरावनं बांधला. त्याला एकमेकांवर चढलेले दोन धबधबे दिसले आणि कपाळ ठणकायला लागलं. नानाजीनं डबा हलवला, आपटला, फुंकर मारली. "तिकडे तर बराबर चालत होता जी," एवढं बोलून दुसऱ्या दिवशी तो कुहीकडे आपल्या गावाला निघून गेला. आणलेली वस्तू चालत नाही याचा पाहुण्याला काही ताप नसतो, तो घरच्यांना होतो.

दुकान बंद असलेल्या वारी रुपराव डबा घेऊन खिडकीशी बसला. डाव्या भिंगाची कडी प्रवासात ढिली होऊन एका बाजूला कलली होती. तिचा स्क्रू इतका बारीक की घरातला पेचकस त्यात शिरेना, तेव्हा त्यानं नाव घालायची सगळ्यात बारीक छिणी घेतली आणि तो पिळला. कार्ड खाचेत शेवटपर्यंत जात नव्हतं, ते अंगठ्यानं दाबून बसवावं लागतं हेही कळलं. उजेड पाठीमागून नको, समोरून हवा, म्हणून पाट फिरवून घेतला. एवढं करून झाल्यावर त्यानं कार्ड बाहेर काढलं आणि कामाची नजर लावून दोन्ही फोटो पाहिले. डाव्या फोटोत झाडाची फांदी खडकाला टेकलेली होती. उजव्यात फांदी आणि खडक यांच्यामध्ये दोऱ्याएवढी फट होती.

"हे दोन फोटो एक नाहीत वं," तो मनकर्णाला म्हणाला. "एक डाव्या डोळ्याचा आहे अन् एक उजव्या. कॅमेरा जरासा सरकवून काढलेले."

त्यानं पुन्हा डबा बांधला. या वेळी धबधबा एकच दिसला, आणि कागदावरचा नव्हे, दरीतला. फांदी पुढे आली, खडक मागे गेला. रुपराव खुळ्यासारखा हसला. मग त्यानं पट्टा सोडवला आणि मनकर्णाच्या अंबाड्यावरून सांभाळून तिच्या डोक्याला बांधला.

 मग तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि पुढे हवेत चाचपायला लागला. ती पाण्याला हात लावू पाहत होती.  सहा वर्षांत या बाईचा हात कशासाठी पुढे झालेला त्यानं पाहिला नव्हता.

डबा तसाच डोळ्यांवर ठेवून ती म्हणाली, "आपली प्रेमिला दिसन का जी याच्यात?"

प्रेमिला त्यांची एकुलती मुलगी. सात वर्षांची होऊन गेली. अडुसष्ट साली मनकर्णा आईच्या दुखण्यासाठी कुहीकडच्या माहेरी गेली होती, आणि इकडे नागपुरात पोरीला सकाळी हगवण लागली ती संध्याकाळी घेऊनच गेली. रुपरावनं तार केली. तार तालुक्याला पोचली, पण त्या गावात डाक तिसऱ्या दिवशी जायची. मनकर्णा घरी आली तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. तिनं पोरीचं तोंड पाहिलंच नाही. न पाहिलेलं मरण पटत नाही माणसाला. प्रेमिला गेली असं ती इतरांना सांगायची, पण शाळा सुटायच्या वेळी दाराकडे पाहायची. पोरीचं बारशाचं ताट होतं, रुपरावनं स्वतः 'चि. प्रेमिला' असं नाव घातलेलं. ते ती रोज मांडणीतून काढायची, चिंचेनं घासायची आणि पुन्हा जागेवर उभं करायची.

आणि फोटो होता. पोरीचा जिवंतपणी एकही फोटो काढलेला नव्हता. आईला निदान चेहरा दिसावा म्हणून त्या संध्याकाळी रुपरावनं गल्लीतल्या स्टुडिओवाल्या मनोहररावांना घरी बोलावलं. तेव्हा अशी रीत होतीच. मूल जाई, आणि मग घरच्यांच्या लक्षात येई की त्याचा फोटो नाही. मनोहररावांनी सोबत आणलेला चित्राचा पडदा भिंतीला लावला. शेजारच्या पार्वतीबाईंनी पोरीला झगा घातला, खुर्चीत बसवून पाठीमागून ओढणीनं बांधली. फोटो काढून झाल्यावर मनोहररावांनी नेहमीचा प्रश्न हळूच विचारला होता, डोळे मिटलेलेच ठेवायचे की उघडे करून द्यायचे. ते ब्रशानं फोटोवर डोळे काढत, आणि त्या कामात त्यांचं इतवारीत नाव होतं.

"उघडे," रुपराव म्हणाला होता.

तेरवीनंतर त्यानं तो फोटो मनकर्णाच्या हातात दिला. ती एकटक पाहत राहिली आणि म्हणाली, "हा कवा काढला?" त्या वेळी खरं सांगायला त्याची जीभ उचलली नाही. "तू गेल्यावर. स्टुडिओत नेलं होतं. आजारी पडाच्या आधी," असं तो म्हणाला. तिच्या तोंडावर जरासं बरं वाटल्यासारखं दिसलं, आणि ते पाहून तो गप्प बसला. पुढे त्या फोटोला तिनं हार घालू दिला नाही. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती त्याच्यापुढे उभी राहून पोरीशी चार शब्द बोलायची. रुपराव तेव्हा आंघोळीला जायचा.

आता ती विचारत होती, दिसेल का. नाही म्हणणं सोपं होतं. पण तो हवेत गेलेला हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"पाह्यतो," तो म्हणाला.

मनोहररावांचे आता केस पिकले होते, पण स्टुडिओ तोच होता आणि ब्रशही तोच. रुपरावनं फोटो आणि डबा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी त्याच फोटोच्या दोन लहान प्रती काढून कार्डावर शेजारी शेजारी चिकटवल्या. रुपराव ते घरी घेऊन गेला. मनकर्णानं पाहिलं आणि पट्टा स्वतःच सोडवला.

"ही तर कागदातच आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तो धबधबा काहून बाहेर येते मंग?"

रुपरावला स्वतःचाच राग आला. फांदीची आणि खडकाची फट त्यानंच पाहिली होती, आणि तोच विसरला. एका फोटोच्या दोन प्रती म्हणजे एकच डोळा दोनदा. दुसऱ्या दिवशी तो मनोहररावांना म्हणाला, "दुसऱ्या जागेवरून काढलेला पाह्यजे होता जी. म्हंजे आता होणार नाही." सांगताना त्याला दुःख झालं, आणि मनातल्या मनात सुटल्यासारखंही वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

मनोहरराव उठले. माळ्यावर चढून त्यांनी एक पत्र्याची पेटी खाली काढली. तीत निगेटिव्हची पाकिटं होती, सालवार लावलेली.

"गेलेल्या माणसाचे मी दोन काढतो, रुपराव," ते म्हणाले. "एक बिघडला तर पुन्हा कोणाले बसवाचं? अन् तुमच्या घरचं मले याद आहे. पहिल्याच्या वेळेस पडद्याच्या बाजूनं भिंत दिसत होती, म्हून मी स्टँड सरकवला. असा, चार बोटं." त्यांनी पाकीट उजेडात धरलं. आत दोन निगेटिव्ह होत्या. "जित्या पोराचं हे जमलं नसतं. लेकरू दोन फोटोंत सारखं बसत नाही, काही ना काही हलवतेच. ही हलली नाही."



दोन्ही प्रती तयार झाल्या, तेव्हा त्यांनी ओल्या हातानंच कार्ड केलं. पहिल्यांदा डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली आणि डब्यात खुर्ची पुढे, पोरगी मागे खड्ड्यात, असं काहीतरी विपरीत दिसलं. ते उखडून पुन्हा चिकटवलं. मग मात्र रुपराव डब्यात पाहून कळवळला. खुर्चीचा हात पुढे आला होता. झग्याची झालर एकीकडे वर उचललेली. मनगटातली काळी पोत. प्रेमिला त्याच्यापुढे हातभर अंतरावर बसलेली होती, डोळे मिटून.

"डोळे," तो म्हणाला.

"काढतो ना," मनोहरराव म्हणाले.

त्यांनी दोन्ही प्रतींवर डोळे काढले. भिंतीवरच्या फोटोत होते तसेच, पापणीच्या केसासकट. रुपरावनं कार्ड आत सरकवलं आणि दचकून डबा डोळ्यांवरून ओढला. बाकी सगळं जागेवर होतं. डोळे मात्र चेहऱ्यात नव्हते. चेहऱ्यापासून चार अंगुळं पुढे, हवेत, दोन डोळे नुसते उभे होते.

मनोहररावांनी स्वतः पाहिलं. ते पुसून त्यांनी पुन्हा काढले. या वेळी एक डोळा पुढे आला आणि एक कवटीत आत गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंग लावून, श्वास रोखून काढले, आणि डोळे चेहऱ्यावर तरंगत राहिले, पाण्यावर पडलेल्या पानांसारखे.

"नाही होत गा," त्यांनी ब्रश धुऊन ठेवला. "केसभर फरक पडला की हा डबा तो दाखवून देते. जे तिथं होतं ते जागेवर बसते. जे मी घातलं ते बसत नाही. तीस वर्षं झाली मी डोळे काढून राहिलो, पण असा पकडलो कधी गेलो नाही."

तिन्ही दिवस मनकर्णा रुपरावच्या येण्याची वाट पाहत उंबऱ्यात उभी असायची. "झालं का जी?" एवढंच विचारायची. त्या तीन दिवसांत तिनं शाळेच्या वेळी दाराकडे पाहिलं नाही, कारण ती आता डब्याची वाट पाहत होती. हे रुपरावच्या ध्यानात आलं आणि त्याचा जीव अर्धा झाला. नाही होत म्हणून सांगावं, तर तिची ही शेवटची आस तोच मोडणार. मिटल्या डोळ्यांचं कार्ड द्यावं, तर सहा वर्षांचं खोटं उघडं पडणार, आणि सकाळच्या त्या चार शब्दांचं काय होणार हे देव जाणे. पायरीवर बसून तो एका लोट्यावर 'कै.' घालत होता आणि त्याची छिणी निसटली. वीस वर्षांत पहिल्यांदा. मालकानं लोटा बदलून दिला आणि घरी जायला सांगितलं.

घरी जाताना त्यानं मनोहररावांकडून कार्ड घेतलं. मिटलेल्या डोळ्यांचं.

ऊन अजून खिडकीत होतं. मनकर्णा पाटावर येऊन बसली. त्यानं पट्टा हातात घेतला, पण बांधला नाही.

"आधी एक ऐक," तो म्हणाला. "तो फोटो मी स्टुडिओत नव्हता काढला. इथंच काढला. ती गेल्यावर. डोळे मनोहररावनं ब्रशानं काढले. मी तुले खोटं सांगतलं होतं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रुपरावला वाटलं, आता ही उठेल. शिव्या देईल, डबा फेकेल, काहीही करेल.  बाहेर हातगाडीवाला वांग्यांचा भाव ओरडत गेला.

"बांधा," ती म्हणाली.

त्यानं पट्टा बांधला, कार्ड अंगठ्यानं शेवटपर्यंत दाबलं आणि बाजूला बसला.  तिचा हात वर झाला. हवेत, बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर, तिनं तळवा फिरवला. गालावरून फिरवतात तसा. हाताला काही लागत नव्हतं तरी ती फिरवत राहिली. रुपराव भिंतीकडे तोंड करून बसला.

"वेणी कोणं घातली हिची?"

भिंतीवरच्या फोटोत पुढे आलेली वेणी काळ्या झग्यात मिसळून गेली होती. सहा वर्षांत ती तिला दिसलीच नव्हती. डब्यात ती झग्यापासून सुटी होऊन खांद्यावरून पुढे आली होती.

"मी," रुपराव म्हणाला. "पार्वतीबाईचे हात थरथरत होते. मंग मीच घातली."

"सैल घातली," ती म्हणाली. "रिबिनीले गाठ मारली तुमीनं. फूल काढा लागते."

"मले येत नव्हतं वं."

"हो. तुमाले कुठून येईन." ती डब्यातच पाहत होती. डब्याच्या खालच्या कडेनं पाणी ओघळून तिच्या हनुवटीवर आलं. सहा वर्षांत ती रडली नव्हती. शेजारच्या बायांनी रडवायचे प्रयत्न केले होते, माहेरच्यांनी केले होते, ती रडली नव्हती. आता ती आवाज न करता रडली, आणि डबा काही केल्या सोडेना. उजेड खिडकीतून सरकायला लागला तशी ती पाटासकट त्याच्याबरोबर सरकली. ऊन भिंतीवर चढून गेलं आणि डब्यात काही दिसेनासं झालं, तेव्हाच तिनं पट्टा सोडवला. भिंगांचे दोन गोल वळ तिच्या डोळ्यांभोवती उमटले होते.

"मी रोज त्या डोळ्याइले बोलत होती," ती म्हणाली. "रोज. अन् तुमी आंघोळीले जात होते."

 रुपरावनं मान खाली घातली. माफी मागावी इतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

ती उठली. भिंतीवरचा फोटो तिनं काढला आणि पदरानं पुसून, तोंड खाली करून पेटीत ठेवला. मग मांडणीजवळ जाऊन ते ताट घेऊन आली. चिंचेनं घासून घासून ते सोन्यासारखं झालं होतं आणि 'चि. प्रेमिला'ची अक्षरं झिजून उथळ झाली होती. ते तिनं त्याच्यापुढे ठेवलं, आणि कोनाड्यातून त्याची हातोडी अन् छिणी आणून त्याच्या बाजूला ठेवली.

 "पितळेवरचं खोडता नाही येत," रुपराव कसाबसा म्हणाला.

"खोडू नोका. चि. राहू द्या," मनकर्णा म्हणाली. "खाली तारीख घाला. तिची. मले कोणती ते पक्की मालूम नाही. तुमी तिथं होते."

त्यानं ताट मांडीवर घेतलं. लोकांच्या गेलेल्यांच्या तारखा त्यानं हजारो घातल्या होत्या. ही एकच त्यानं कुठे लिहिली नव्हती, कुणाला सांगितलीही नव्हती. मनकर्णानं ताटाची पलीकडची कड दोन्ही हातांनी धरली, ते हलू नये म्हणून, आणि रुपरावनं पहिला आकडा घालायला घेतला.